निवृत्त विमानांची दुसरी नोकरी

(शाळेच्या विज्ञान मंडळापुढे केलेल्या भाषणाचा, स्मरणिकेसाठी लिहून काढलेला मजकूर)



भाषणाच्या वेळी माझ्या पाठीमागे फळा होता आणि हातात खडू होता. स्मरणिकेच्या पानावर ती सोय नाही. म्हणून जेथे आकडे येतील तेथे आपण कागदाच्या कडेला पेन्सिलीने ते मांडून पाहावेत, एवढी विनंती करून विषयाला हात घालतो. मी बी.ए., बी.एड.; मराठी आणि भूगोल शिकवणारा. जेट विमानांवर मी बोलावे याचे आमच्या विज्ञान शिक्षकांना नवल वाटले. परंतु माल कोठून कोठे जातो, कोणत्या वाटेने जातो आणि किती खर्चात जातो, हा मुळात भूगोलाचाच धडा आहे.

२०२० सालच्या टाळेबंदीत आपल्या एस.टी. महामंडळाने जुन्या बसगाड्यांचे मालट्रक केले, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. आसने काढली, खिडक्या पत्र्याने बंद केल्या आणि कालपर्यंत माणसे वाहणारी गाडी पोती वाहू लागली. त्याआधी २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली. तिच्या टाक्यादेखील मुळात तेल वाहणाऱ्या. कोट्याच्या रेल्वे कारखान्यात वाफेने धुऊन त्या पाण्यासाठी तयार केल्या होत्या. तेव्हा एका कामातून मोकळ्या झालेल्या वाहनाला दुसऱ्या कामाला लावणे ही गोष्ट मराठवाड्याला नवी नाही. आज मी सांगणार आहे ती याच जातीची गोष्ट आहे. फक्त वाहन मोठे आहे आणि ते तीस-पस्तीस हजार फुटांवरून जाते.

जगात आज जी मालवाहू जेट विमाने उडतात, त्यांतील फार मोठा भाग कधी काळी प्रवासी विमाने होती. पंधरा-वीस वर्षे माणसे वाहून झाली की विमान विकले जाते, एखाद्या कारखान्यात तीन-चार महिने राहते आणि मालवाहू होऊन बाहेर पडते. हे ऐकल्यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो आणि तो आमच्या नववीच्या एका विद्यार्थ्याने विचारलाच : "सर, माणसांना धोक्याचे झालेले विमान मालाला चालते, असे का?"

हा समज सर्वत्र आहे आणि तो चूक आहे. धोक्याचे झालेले विमान मालालाही चालत नाही. मालवाहू विमानात वैमानिक बसलेला असतो, खाली गावे असतात आणि उड्डाणयोग्यतेचा दाखला दोन्ही विमानांना सारखाच लागतो. मग प्रवासी कंपनी ते विमान काढून का टाकते? कारण हिशेबाचे आहे. लातूर-नांदेड अशा दिवसाला चार फेऱ्या मारणारा माणूस नवी, कमी डिझेल पिणारी जीप कर्जाने घेतो. वाचलेल्या डिझेलमधून त्याचा हप्ता निघतो. आठवड्यातून एकदा बाजाराला जाणारा मात्र जुनी जीप घेतो, कारण ती फारशी चालतच नाही. मग डिझेल थोडे जास्त लागले म्हणून काय बिघडले? प्रवासी विमान दिवसाला दहा-बारा तास उडते. नव्या पिढीच्या विमानाला इंधन सुमारे पंधरा टक्के कमी लागते, तेव्हा रोज बारा तास उडणाऱ्याने नवे घ्यावे हेच शहाणपणाचे. कुरिअर कंपनीचे विमान मात्र बहुधा रात्री निघते, पहाटे पोहोचते आणि दिवसभर उभे असते. दिवसाला चार-पाच तास उडणाऱ्या विमानासाठी नव्याची किंमत मोजणे परवडत नाही. शिवाय खोक्यांना आसन मळके असल्याची तक्रार नसते. एक गंमत मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. माणूस गेला की बहुधा परत येतो, खोके परत येत नाही. म्हणून मालवाहू विमानाला परतीचा माल शोधावा लागतो, आणि या धंद्यातली अर्धी डोकेदुखी तीच आहे.

आता विमानाचे वय कसे मोजतात ते पाहू, कारण सगळी मेख येथे आहे. आपण वय वर्षांनी मोजतो. विमानाचे वय वर्षांबरोबर उड्डाणांनी मोजतात आणि धडाच्या बाबतीत उड्डाणांची संख्याच अधिक महत्त्वाची. उंचावर बाहेरची हवा विरळ असते, म्हणून आत दाबाची हवा भरावी लागते. प्रत्येक उड्डाणात विमानाचे धड फुग्यासारखे किंचित फुगते आणि उतरताना पूर्ववत होते. लोखंडी तार एकदा वाकवली तर तुटत नाही. पुनःपुन्हा वाकवली की तुटते. धातू थकतो. मुंबई-दिल्ली दोन तासांचे उड्डाण असो की आठ तासांचा परदेश प्रवास, फुगणे एकदाच. म्हणजे लांब पल्ल्याचे वीस वर्षांचे विमान आखूड पल्ल्याच्या दहा वर्षांच्या विमानापेक्षा तरुण असू शकते.

याची मोठी किंमत जगाने दिलेली आहे. १९५४ साली ब्रिटिशांची कॉमेट विमाने आकाशातच फुटली. तपासात आढळले की धडाला पाडलेल्या खिडक्यांसारख्या उघड्या जागांच्या कोपऱ्यांपाशी ताण साचत होता आणि तेथून पत्र्याला भेगा जात होत्या. विमानाच्या खिडक्यांचे कोपरे गोल का असतात, याचे उत्तर येथे आहे. पुढे २८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ विमानाचे छप्पर उड्डाणात उडून गेले. एक हवाई सेविका बाहेर फेकली जाऊन मरण पावली. वैमानिकांनी तशाच अवस्थेत विमान उतरवले आणि बाकी सर्वजण वाचले. ते विमान १९ वर्षांचे होते, पण बेटाबेटांमधल्या छोट्या फेऱ्यांमुळे त्याची उड्डाणे ८९,६८० झाली होती. कारखान्याने धरलेली मर्यादा होती ७५,०००. म्हणून रूपांतरासाठी विमान निवडणारे लोक प्रथम त्याची वही उघडतात. किती वेळा उडाले, कोठे दुरुस्ती झाली, कोणता भाग केव्हा बदलला, हे कागदोपत्री सापडले नाही तर विमान कितीही चकचकीत असो, त्याला कोणी हात लावत नाही.

विमान निवडले की काम सुरू होते. आसने, गालिचे, डोक्यावरचे कप्पे, स्वयंपाकघर, संडास, सगळे बाहेर. त्यानंतरचा टप्पा मला स्वतःला सर्वांत विलक्षण वाटतो. विमानाच्या डाव्या कुशीला, पंखाच्या पुढे, एक मोठे भोक पाडतात. बोइंग ७३७-८०० या विमानाला बसवायचा मालाचा दरवाजा सुमारे साडेअकरा फूट रुंद आणि सात फूट उंच असतो. धड म्हणजे नुसता पत्रा नव्हे. आतून फासळ्यांसारखी कडी आणि लांबीच्या दिशेने पट्ट्या असतात आणि सारे मिळून भार पेलते. त्यातल्या काही फासळ्याच कापायच्या म्हणजे विमान मधोमध वाकणार. म्हणून कापण्याआधी धडाला खालून ठिकठिकाणी टेकू देतात आणि ते कणभरही हललेले नाही हे मोजून घेतात. आपल्याकडे मातीच्या घराची भिंत पाडून दार काढताना तुळईला आधी टेकू देतात, तोच न्याय. मग कापलेल्या फासळ्यांच्या जागी भोकाभोवती जाड चौकट आणि दुहेरी पत्रे रिव्हेटांनी बसवतात. कोपरे अर्थातच गोल.

येथे फळ्यावर केलेले गणित आपण कागदावर करावे. साडेअकरा फूट म्हणजे १३८ इंच, सात फूट म्हणजे ८४ इंच. गुणाकार ११,५९२ चौरस इंच. उंचावर असताना आतला दाब बाहेरच्यापेक्षा दर चौरस इंचाला सुमारे ८ पौंडांनी अधिक असतो. गुणले तर ९२,७३६ पौंड, म्हणजे सुमारे ४२ टन. माणसांनी खचाखच भरलेल्या अडीच-तीन एस.टी. गाड्या त्या एका दरवाजावर आतून रेटा देत असतात, असे समजा. बंद केल्यावर कडी लागली की नाही, हा प्रश्न त्यामुळे साधा राहत नाही. ३ मार्च १९७४ रोजी पॅरिसजवळ टर्किश एअरलाइन्सचे डीसी-१० पडले आणि ३४६ माणसे गेली. ते प्रवासी विमान होते, पण पोटातल्या मालाच्या दरवाजाची कडी नीट लागली नव्हती एवढेच निमित्त झाले.

दरवाजाखेरीज जमीन बदलावी लागते. माणसांचा भार आसनांच्या रुळांवर वाटून पडतो, मालाचा भार एकाच जागी बसतो. म्हणून जमिनीखालचे आडवे दांडे मजबूत करतात, वर लाटण्यांसारखे रूळ बसवतात आणि कंटेनर अडकवायला कुलपे. खिडक्या काढून तेथे अॅल्युमिनियमच्या चकत्या बसवतात. वैमानिकांच्या मागे एक भक्कम अडसर उभा करतात. अपघातात मालाने पुढे उसळी घेतली तर त्याच्या वजनाच्या नऊपट रेटा त्या अडसराने थोपवावा, असा नियम आहे. आग लागली तर? माल भरलेल्या विमानात कोणी मागे जाऊन आग विझवू शकत नाही. म्हणून धूर टिपणारी यंत्रे लावतात आणि धूर दिसताच वैमानिक प्राणवायूचे मुखवटे चढवून मालाच्या भागातील हवा बंद करतात, दाब सोडून देतात. आगीचा श्वास कोंडायचा, अशी ती युक्ती. हे सगळे काम मंजूर नकाशाबरहुकूम व्हावे लागते. तो नकाशा देशाच्या विमान नियामकाने तपासलेला असतो आणि त्याबाहेर एक भोकही पाडता येत नाही.

माल नीट बांधला नाही तर या साऱ्याचा उपयोग नाही. २९ एप्रिल २०१३ रोजी अफगाणिस्तानातील बग्राम येथून एक बोइंग ७४७ उडाले. ते असेच रूपांतरित मालवाहू होते आणि आत पाच अवजड लष्करी गाड्या होत्या. उड्डाणानंतर लगेच एक गाडी पट्टे तोडून मागे सरकली, तिने शेपटीकडची यंत्रणा मोडली आणि काही क्षणांत विमान कोसळले. सातही माणसे गेली. विमानाच्या धातूत दोष नव्हता. दोष बांधण्यात होता. उलट ४ नोव्हेंबर २०२५ रोजी अमेरिकेत लुइव्हिल येथे पडलेले यू.पी.एस. कंपनीचे एमडी-११ पाहा. तेही आधी थायलंडचे प्रवासी विमान. ३४ वर्षांचे. धावपट्टीवरच डावे इंजिन ते धरून ठेवणाऱ्या भागासह निखळले. वैमानिक गेले, जमिनीवरची माणसेही गेली. प्राथमिक तपासात त्या जोडाच्या धातूत थकव्याच्या भेगा आढळल्या. जुन्या विमानांचा कैवार घेणाऱ्याने हे झाकून ठेवू नये, म्हणून मी हे मुद्दाम सांगतो. माझे म्हणणे एवढेच की जुने विमान वाईट नसते. पण ते नव्यापेक्षा अधिक डोळे मागते.

आणि हे डोळे, हे हात कोठून येतात? जर्मनीत ड्रेस्डेन, इस्रायल, सिंगापूर, अमेरिकेत अलाबामा आणि चीनमधील काही शहरे येथे हे काम वर्षानुवर्षे चालते. या कारखान्यांत संगणक आहेतच. तथापि कामाचा गाभा पत्रा आणि रिव्हेट हाच आहे. पत्रा मापात कापणे, कड घासून गुळगुळीत करणे, भोक नेमके पाडणे, रिव्हेट ठोकून तो बोटाने चाचपून पाहणे. आपल्या गल्लीत ट्रकची बॉडी बांधणारे उस्ताद आहेत. गाडीचा चेपलेला दरवाजा ते असा सरळ करतात की कोठे चेपला होता ते मालकालाही सांगता येत नाही. विमानाच्या हँगरमध्ये त्यांच्या हाताला आणखी एक गोष्ट शिकावी लागेल : प्रत्येक रिव्हेट कागदावर लिहिणे आणि त्याखाली सही करणे. आपल्याकडे हात तयार आहेत. कागदाची सवय नाही. माझ्या मते अडचण एवढीच आहे आणि ती शाळेत दूर होण्यासारखी आहे.

भारतात या उद्योगाची पाळेमुळे आपण समजतो त्यापेक्षा जुनी आहेत, आणि ती उलट्या दिशेने सुरू झाली. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा लष्कराची शेकडो डाकोटा मालवाहू विमाने शिल्लक पडली. बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कारखान्यात त्यांतील अनेकांना आसने बसवून प्रवासी विमाने केली गेली. याच डाकोटांनी १९४९ पासून नागपुरात एक मोठा खेळ मांडला. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून रोज रात्री एकेक विमान टपाल घेऊन निघे. मध्यरात्री चारही नागपुरात भेटत, थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत ती आपापल्या गावी परतत. हे १९७३ पर्यंत चालले. आजच्या कुरिअर कंपन्या रात्री एका केंद्रावर विमाने जमवतात, ती कल्पना आपल्या विदर्भाच्या मातीवर तेव्हाच राबवली गेली होती. २००९ साली कॅप्टन गोपीनाथ यांच्या डेक्कन ३६० कंपनीने पुन्हा नागपूरलाच केंद्र धरून एअरबस ए-३१० मालवाहू विमाने आणली. पण दोन वर्षांतच ती बंद पडली. नकाशावरची जागा चांगली असली म्हणजे परतीचा माल मिळतोच असे नाही.

त्याआधी १९९६ मध्ये ब्ल्यू डार्टने बोइंग ७३७-२०० मालवाहू विमानांनी रात्रीची सेवा सुरू केली. त्यांतील काही विमाने पूर्वी इंडियन एअरलाइन्सची होती. म्हणजे ज्या आसनांवर एके काळी मंत्री आणि व्यापारी बसून गेले असतील, त्या जागी औषधांची खोकी आली. ७ एप्रिल २०२० रोजी तर स्पाइसजेटने रूपांतराचीही वाट पाहिली नाही. दिल्ली-चेन्नई विमानात माल थेट प्रवाशांच्या आसनांवर ठेवून नेला, अकरा टन. ती आणीबाणीची तोड होती. २०२२ मध्ये इंडिगोने रीतसर रूपांतरित एअरबस ए-३२१ आणले; ते सुमारे २७ टन माल नेते.

आपल्या लातूरची तूर किंवा नांदेडची हळद विमानाने जाणार आहे का? नाही. जड आणि स्वस्त मालाला रेल्वे आणि ट्रकच योग्य. विमानाने जातात ती औषधे, लसी, मोबाइल, यंत्रांचे सुटे भाग. ज्यांना उशीर परवडत नाही अशा वस्तू. आपल्या दोन्ही गावांना विमानतळ आहेत म्हणून उद्या येथे मालवाहू जेट उतरेल, असे स्वप्न मी दाखवणार नाही. पण हँगर आपल्यापासून दूर नाहीत. नागपूरला मिहानमध्ये बोइंगने एअर इंडियासाठी बांधलेले देखभाल केंद्र २०१५ पासून आहे. हैदराबादला जी.एम.आर. एरो टेक्निकबरोबर ७३७-८०० विमानांचे मालवाहू रूपांतर करण्याचा करार बोइंगने २०२३ च्या मार्चमध्ये जाहीर केला. बंगळूरच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सने २०२२ मध्ये इस्रायली कंपनीशी अशाच कामासाठी सामंजस्य करार केला आहे. नांदेडकरांना हैदराबाद म्हणजे एका रात्रीचा प्रवास. आपली मुले तेथे कपड्यांच्या दुकानांत आणि हॉटेलांत कामाला जातातच.

पालकांशी येथे दोन शब्द स्पष्ट बोलतो. लातूर पॅटर्नने आपल्या भागाला नाव दिले, डॉक्टर दिले. त्याचा आदर आहे. पण अकरावीत जीवशास्त्र घ्यायचे म्हणून गणित सोडायचे आणि वैद्यकीय प्रवेश परीक्षेत दोनदा-तीनदा कमी पडल्यावर मुलाला काय येते, असा प्रश्न घरात उभा राहायचा, हे मी दरवर्षी पाहतो. विमान देखभाल अभियंत्याच्या अभ्यासक्रमाला गणित लागते. ते एकदा सुटले की हा दरवाजा बंद. आय.टी.आय.मध्येही विमानाचा सांगाडा आणि साधनसामग्री जोडणाऱ्या फिटरचा व्यवसाय शिकवतात, तो रस्ता दहावीनंतरचा. खासगी संस्थांची फी मोठी असते. प्रवेश घेण्यापूर्वी नागरी विमान महासंचालनालयाची मान्यता आहे का, ते कागद हातात घेऊन पाहावे. गोड बोलण्यावर जाऊ नये.

शेवटी एका विमानाची हकिकत. बोइंग ७३७-२००, नोंदणी व्हीटी-ईएचएच. १९८२ च्या सप्टेंबरात ते इंडियन एअरलाइन्सकडे आले. १९९८ मध्ये अलायन्स एअरकडे गेले. २००७ मध्ये मालवाहू होऊन भारतीय टपाल खात्याच्या थैल्या वाहू लागले. २०१२ मध्ये ते कोलकाता विमानतळाच्या एका कोपऱ्यात उभे राहिले, आणि कंपन्यांची विलीनीकरणे, मालकीचे बदल यांत एअर इंडियाच्या दप्तरातून ते निसटलेच. विमानतळाने हे तुमचे विमान हलवा असे कळवले, तेव्हा ते आपले आहे हे कंपनीला समजले. तीस वर्षे राबलेले यंत्र तेरा वर्षे नोंदीवाचून उन्हापावसात उभे होते! अखेर २०२५ च्या नोव्हेंबरात त्याला ट्रेलरवर चढवून सुमारे १,९०० किलोमीटर रस्त्याने बंगळूरला नेण्यात आले. आता ते उडणार नाही. तेथे विमान देखभाल शिकणारी मुले त्याचा पत्रा उघडतील, फासळ्या मोजतील, रिव्हेट काढतील आणि पुन्हा बसवतील. प्रवासी आणि टपालानंतर ही त्याची तिसरी नोकरी. त्या वर्गात बसण्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हे विषय लागतात.